यूव्हीच्या नावाखाली इन्फ्रारेड कॅमेरा गळ्यात मारला

फुलांचे यूव्ही, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशातले फोटो काढायची हौस असेल तर हे वाचा. पुण्यात एकाने मला ५२ हजारांना टोपी घातली. जाहिरात होती 'फुल स्पेक्ट्रम केलेला कॅमेरा, यूव्ही पास फिल्टर, जुनी एनलार्जर लेन्स' अशी. यूव्ही पास फिल्टर म्हणजे यूव्ही आत सोडणारी काच, आणि एनलार्जर लेन्स म्हणजे फिल्मवरून फोटो मोठे करून छापायच्या यंत्रातली लेन्स.

नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक काच असते, ती इन्फ्रारेड (लाल रंगाच्या पलीकडचा, न दिसणारा प्रकाश) आणि बरंचसं यूव्ही अडवते. ती काढून साधी पारदर्शक काच बसवली की झाला फुल स्पेक्ट्रम. पण तिच्या जागी ७२० नॅनोमीटरची, म्हणजे त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश सोडणारी काळी काच घातली, तर कॅमेऱ्याला इन्फ्रारेडच दिसतं. बाहेरून दोन्ही एकसारखेच.

जाहिरातीतल्या फोटोत सूर्यफूल होतं: पाकळ्यांची टोकं उजळ, बुडाशी काळं कडं. मधमाशीला यूव्ही दिसतं, आपल्याला नाही, म्हणून हे कडंही आपल्याला दिसत नाही. फोटो अस्सलच होता, फक्त त्याचा नव्हता. नंतर शोधल्यावर तो एका परदेशी छायाचित्रकाराच्या साइटवर सापडला.

"दादा, उन्हातच भेटू. घरात यूव्ही कुठलं?" असं विकणारा म्हणाला. हे पटण्यासारखंच होतं. भर दुपारी त्याने फिल्टर लावून कॅमेरा एका झाडाकडे धरला. स्क्रीनवर भुरकट जांभळं चित्र उमटलं. "बघा, डोळ्यांना न दिसणारं!" तेही खोटं नव्हतं म्हणा. मी यूपीआयने पैसे दिले. पावती नाही.

सासवडकडच्या एका शेतात सूर्यफुलापुढे बसलो आणि संशय आला. पाकळ्या बुडापासून टोकापर्यंत पांढऱ्या, आणि पानंही पांढरीफेक. यूव्हीत पानं काळपट येतात. ती इन्फ्रारेडमध्ये पांढरी होतात; अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, त्यावरूनच 'वुड इफेक्ट' म्हणतात. स्वस्त यूव्ही पास फिल्टरमधून ७०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश झिरपतो, आणि सेन्सर त्याला यूव्हीपेक्षा कितीतरी जास्त दाद देतो. म्हणून सोबत इन्फ्रारेड अडवणारी निळसर-हिरवी काच लावावी लागते. ती लावली, एक्स्पोजर वाढवत नेलं, तरी फ्रेम काळीठिक्कर.

रात्री खोलीत फक्त एलईडी बल्ब लावला आणि सगळे फिल्टर काढले. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच. फुल स्पेक्ट्रम कॅमेऱ्याला खोली लख्ख दिसायला हवी. इथे स्क्रीनवर अंधार, आणि टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं की त्याच्या टोकाशी टॉर्चसारखा ठिपका. आत ७२० चीच काच बसवलेली. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं; उन्हाचा हट्ट का होता, ते तेव्हा कळलं. एनलार्जर लेन्स मात्र खरी निघाली!

फोन केला तर म्हणे, "सर, तुमच्याकडे बिघडला असेल." पैसे देईपर्यंत मी दादा होतो. मग नंबर ब्लॉक. तक्रार केली आहे, पण वस्तू हातात मिळालेली आणि लेखी काहीच नाही, त्यामुळे प्रकरण रेंगाळलंय.

त्याची जाहिरात आता दुसऱ्या नावाने पुन्हा लागली आहे, सूर्यफूल तेच. भेटायला जाणारच असाल तर सनस्क्रीनची ट्यूब सोबत ठेवा. हाताच्या पंज्यावर एक पट्टा ओढा आणि उन्हात त्यालाच फोटो काढायला सांगा. खऱ्या यूव्हीत तो पट्टा डांबरासारखा काळा येतो. हात नुसताच गोरापान दिसला तर पैसे काढू नका.