ब्रेकचा लाल दिवा आणि जुनी व्हॅन: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

इंजिन, मायलेज, सस्पेन्शन याबद्दल नवीन काही सांगण्यासारखं नाही. बेळगावहून भाजी भरून डिचोलीला आणायला ही व्हॅन चोख आहे. पण डॅशबोर्डवरच्या ब्रेकच्या लाल दिव्याने पुरता जीव खाल्ला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पाऊस सुरू झाला आणि हँडब्रेक खाली असूनही दिवा पेटलेलाच राहू लागला. ब्रेक व्यवस्थित लागत होते, बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल भरलेलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी चाक न उघडताच मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदलायला सांगितलं, खर्च साडेसहा हजार. दुसऱ्या एका गॅरेजात तर, "दादा, वायरच काढून टाकतो, कटकट संपली!" याचा मला भयंकर राग आला. माणसांना नि मालाला घाटातून उतरवणाऱ्या गाडीचा इशाराच बंद करायचा?

ज्या जुन्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, त्यांच्यात हा दिवा बहुधा दोनच स्विचांवर चालतो. एक हँडब्रेकच्या दांड्याखाली, दुसरा ऑइलच्या डबीतल्या फ्लोटचा, म्हणजे ऑइलवर तरंगणाऱ्या तुकड्याचा. दोन्हींपैकी कुठल्याही स्विचने वायर बॉडीला जोडली (अर्थिंग दिलं) की दिवा पेटतो. म्हणून चावी ऑन करून आधी डबीवरचा कनेक्टर काढायचा. दिवा विझला तर ऑइलची पातळी किंवा फ्लोट बघायचा. नाही विझला तर हँडब्रेकच्या स्विचची वायर काढायची. तरीही पेटलेलाच असेल तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय. याला पैसा लागत नाही.

माझ्या गाडीत हँडब्रेकचा स्विच निघाला. मॅटखाली पाणी मुरून पिन गंजली होती, दांडा खाली केला तरी आत दबत नव्हती. नवा स्विच किरकोळ पैशांत बसला. गाडी उत्तम, दिवा मात्र फालतू, असं माझं मत झालं होतं.

ते मत आता बदललंय. पाऊस ओसरता ओसरता चोर्ला घाटात केरीकडे उतरताना, वळणावर ब्रेक दाबला की दिवा लुकलुकायचा आणि सपाटीला आलो की बंद. यावेळी डबीत ऑइल मिनिमम रेघेला टेकलं होतं, उतारावर हिंदकळलं की फ्लोट खाली जायचा. वरून ऑइल ओतलं असतं तर दिवा लगेच गप्प झाला असता. पण ब्रेकचे पॅड (चाकाच्या डिस्कला दाबून धरणारे तुकडे) झिजले की पातळी हळूहळू उतरते आणि गळती असली तरीही उतरते, त्यामुळे कारण न शोधता ओतणं म्हणजे दुखणं झाकणं. पुढचे पॅड जाड होते. मग मागच्या डाव्या चाकाचा ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं गोल झाकण, काढायला लावला. आतली धूळ चिखलासारखी ओली. व्हील सिलिंडरचं (ड्रमच्या आत ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) रबरी बूट नखाने जरा उचललं तर ऑइल ओघळलं, ड्रमला घासणारे लायनर तेलकट. दिव्याची वायर कापली असती तर हे मला कधी कळलं असतं?

सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, सगळं जुनं ऑइल काढून नवं भरलं, हवा काढली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल कोरडं असताना साधारण 205 अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा मुरलेलं 140 च्या आसपास. आपल्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलणं मला अजिबात महाग वाटत नाही, आणि मी पैसा जपून वापरणारा माणूस आहे.

सेकंडहँड व्हॅन बघायला जाल तेव्हा चावी ऑन करून हा दिवा पेटतो का ते आधी तपासा. हँडब्रेक ओढूनही तो पेटत नसेल तर बहुधा बल्ब गेलाय किंवा कुणीतरी वायर काढलीय. मागचे ड्रम उघडून दाखवल्याशिवाय किमतीचं बोलूच नका.