बंद शाळेच्या जागेत काय आणायचं: कॉम्प्लेक्स, समाजभवन, दवाखाना की अभ्यासिका?

पट ओसरत गेला, पोरं खासगी इंग्रजी शाळांच्या ऑटोत बसू लागली आणि नागपूरच्या जुन्या वस्त्यांतल्या मनपाच्या कितीतरी मराठी शाळांना कुलूप लागलं. आमच्याही वस्तीतल्या शाळेला लागलं. दुमजली इमारत, वर-खाली चार-चार खोल्या, मागे जुने कडुनिंब, पुढे मैदान. या जागेचं काय करायचं यावर वस्तीत चार मतं आहेत आणि बैठकीत चारही बाजू एकदमच बोलतात. म्हणून इथे ती शेजारी-शेजारी मांडली आहेत.

सर्वात जास्त जोर कॉम्प्लेक्सच्या मागे आहे. खाली दुकानं, वर ऑफिसं, बांधणारा आपल्या पैशाने बांधणार आणि मनपाला दरमहा भाडं. उत्पन्नाचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण जागा विकास आराखड्यात शाळेसाठी किंवा मैदानासाठी आरक्षित असेल, तर आधी ते आरक्षण बदलावं लागतं. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते, मग शासनाची मंजुरी. एवढं करूनही कोर्टाची पायरी चुकेलच असं नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप मान्य केलं नाही. तिथे निदान रुग्णालय होतं, इथे मोबाइलची दुकानं येतील. शिवाय दुकानं आली की गिऱ्हाइकांच्या गाड्यांना जागा लागते, आणि ती मैदानातूनच जाणार.

समाजभवनाची मागणी मात्र खरी आहे. लॉनचं भाडं परवडत नाही अशी घरं वस्तीत पुष्कळ आहेत. बारसं, तेरवी, साखरपुडा सगळं रस्त्यावर मंडप टाकून होतं. अडचण इमारतीची आहे. वर्गखोलीचा मजला चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरून बांधतात. गर्दी उभी राहील अशा सभागृहाला तोच आकडा ५०० धरावा लागतो. म्हणजे वरच्या मजल्यावर वरात नाचवता येणार नाही. उरतं मैदान. आणि लग्नाच्या दाट तिथी एप्रिल-मेमध्ये, नेमक्या पोरांना सुट्ट्या असतात तेव्हाच. चहाच्या टपरीवर एक आजोबा म्हणाले तेच खरं: "मैदान गेलं तं पोट्टे खेळतीन कुठी?"

आता खरी टक्कर. दवाखाना की अभ्यासिका?

दवाखान्याच्या बाजूने आकडा आहे. शहरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे साधारण ५०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. बीपीची गोळी आणि बाळाची लस यासाठी मेडिकलपर्यंत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयापर्यंत, ऑटो करावा लागणाऱ्या बाईला विचारा, ती दुसरं काही सांगणार नाही. तपासणीच्या खोलीला वर्गापेक्षा जास्त भार लागत नाही, तोडफोडही फार नाही: दाराशी उतार (रॅम्प), हात धुवायची जागा, लसींच्या फ्रीजसाठी न जाणारी वीज. दवाखाना अडतो तो माणसांवर. डॉक्टर आणि परिचारिकेच्या पदांना मंजुरी मिळेपर्यंत रंगवलेली भिंत आणि लाल अधिक चिन्ह, एवढंच हाती राहतं.

अभ्यासिकेचं उलट आहे. तिला माणूस जवळजवळ लागतच नाही. नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं दोन खोल्यांच्या घरात टीव्हीच्या आवाजात अभ्यास करतात. टेबल, खुर्ची, दिवा आणि शांतता मिळाली की ती आपली आपण बसतात. टिपायला एक रजिस्टर आणि किल्ली सांभाळणारा एक जण पुरे. मला सुरुवातीला हाच पर्याय सोपा वाटला होता. मग उन्हाळा आठवला. मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवसांत स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी कूलरशिवाय बसणं म्हणजे भट्टीत बसणं, आणि कूलर म्हणजे पाणी आणि वीजबिल. अभ्यासिकेच्या उद्घाटनाला सगळे येतात, बिल भरायला कोण येणार हे ठरावात लिहून घ्या. छताला पांढरा चुना मारला तर थोडा फरक पडतो, पण तेवढ्याने भागत नाही. पुस्तकांची रॅक ठेवायची असतील तर ती खालीच ठेवा. भरलेल्या रॅकच्या खोलीला चौरस मीटरला ६०० किलोचा हिशेब असतो.

माझं मत विचाराल तर खालच्या तीन खोल्या दवाखान्याला, चौथी पुस्तकांना, वरच्या चारही अभ्यासिकेला. दोघांची दारं आणि स्वच्छतागृहं वेगळी, नाहीतर रांगेतल्या रडणाऱ्या बाळांवरून रोज भांडण. मधल्या भिंती पाडू नका. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. उद्या खासगी फी परवडेनाशी झाली आणि पोरं परत आली तर वर्ग पुन्हा भरवता यायला हवेत. दुकानाचं शटर एकदा लागलं की ते शक्य नाही. मैदान पोरांचं राहील, आणि कडुनिंबांना हात लावायचा नाही. त्यातलं ५० वर्षांवरचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेच वारसा वृक्ष ठरतं.

दुचाकी पार्किंगचाही एक प्रस्ताव आला होता. त्यावर वेळ घालवत नाही.

पुढच्या बैठकीला जाताना तीन कागद सोबत हवेत: आखीव पत्रिका (जागेचं प्रॉपर्टी कार्ड), विकास आराखड्याचा भाग नकाशा (आपल्या जागेपुरता उतारा) आणि इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर हे ऑडिट कायद्यानेच करावं लागतं, आणि त्यात ती धोकादायक निघाली तर वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. जागेची मोजणी मात्र लगेच करून घ्या. मागच्या कंपाउंडला लागून दोन पानठेले आत्ताच हातभर आत सरकले आहेत.