टाकी वेल्डिंग: पाणी भरून की आरगॉन सोडून?
जुन्या जीपची पेट्रोलची टाकी दुरुस्त करायची, तर सांगली-कुपवाडकडे दोन वाटा. आधी गरम पाणी-डिटर्जंटने धुणं दोन्हींत आलंच. आतल्या आडव्या पत्र्यांमागे पेट्रोल दडून बसतं. हवेत त्याची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते, म्हणून 'रिकामी' टाकी भरलेलीपेक्षा वाईट.

पाणी काठोकाठ भरून फक्त जोडाची जागा वर ठेवली, की वाफेला जागाच उरत नाही. स्वस्त काम. पण पाणी उष्णता ओढतं, जोड कच्चा राहू शकतो. छोट्या भोकाला चालेल.

टाकी कापून वाढवायची असेल तर मी आरगॉनच घेईन: न जळणारा वायू, हवेला बाहेर ढकलतो; हवेपेक्षा जड, तळाशी सोडायचा, तोंड उघडं, प्रवाह अखेरपर्यंत चालू. महाग, पण जोड सुबक. त्याआधी पेट्रोलची वाफ उरली नाही ना, हे तपासायला गॅस डिटेक्टर हवाच.

आरगॉनऐवजी टाकीत सायलेन्सरचा धूर सोडणाऱ्या मिस्त्रीकडे टाकी देऊच नका. त्या धुरात ऑक्सिजन उरलेला असू शकतो.