बँड आणि मूड अ‍ॅप: ७ महिने वापरून झाल्यावर

घेतल्या घेतल्या रिव्ह्यू टाकणारे खूप असतात म्हणून मी मुद्दाम थांबले. हा मनगटावरचा फिटनेस बँड नवरात्रात घेतला, आता ७ महिने होतील. कारण साधंच, शुगर बॉर्डरवर आली, डॉक्टर म्हणाले चाला, त्यात मेनोपॉजमुळे झोपेची बोंब आणि चिडचिड, मग लेकाने बँड आणून दिला आणि फोनमध्ये एक मूड अ‍ॅपपण टाकून दिलं.

आधी पावलांचं सांगते. कणीक मळताना पण मोजतो हा! आणि सासूबाईंचा हात धरून सोसायटीत चार फेऱ्या मारल्या तर जवळजवळ काहीच नाही, कारण तो बघतो हाताचा झोका, पायाशी त्याला काही देणंघेणं नाही. ट्रॉली ढकलताना पण तेच. पण कबूल करते, रात्री जेवणं आवरल्यावर आकडा कमी दिसला की मी चपला अडकवून खाली उतरते, हे आधी कधीच झालं नसतं. १०,००० चं खूळ मात्र डोक्यातून काढा. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये एक पेडोमीटर विकायला आला, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं, तिथून हा आकडा चिकटलाय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा अभ्यास आला, त्यात साधारण ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. मी ७,००० वर ठेवलंय, गुडघे खूश आहेत.

झोपेच्या बाबतीत मात्र डोक्याला ताप. पहाटे ३ ला जाग येते, मी पंख्याकडे बघत गप पडून असते आणि सकाळी बँड सांगतो, हलकी झोप! हालचाल नाही आणि ठोके संथ म्हणजे झोपली बाई, एवढंच त्याला कळतं. उलट एकदा मस्त झोप लागली, उठून बघते तर स्कोअर ५८. चहा होईपर्यंत मला खरंच थकल्यासारखं वाटायला लागलं. दोन महिने हे चाललं, मग ते पानच बंद करून टाकलं आणि काय सांगू, झोप जरा सुधारली.

मूड अ‍ॅप रोज साडेनऊला विचारतं 'आपली मनःस्थिती नोंदवा', पाच चेहऱ्यांतला एक दाबायचा. सकाळी साडेनऊला! कुकरची तिसरी शिट्टी, डबा, केबलवाला दारात, मी मधला चेहरा दाबून मोकळी. महिनाभराचा आलेख एकदम सपाट. पण त्यातच नैराश्य किती आहे ते बघणारी ९ प्रश्नांची टेस्ट होती, पीएचक्यू-९, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं ते विचारतात, २७ पैकी मार्क. माझे १३ आले म्हणजे मध्यम. त्याच्या पुढच्या स्क्रीनवर काय, तर प्रीमियम घ्या! इतका राग आला. माणूस हललेला असतो आणि हे कार्ड नंबर मागतात.

दोन दिवस कुणाला बोलले नाही, मग १४४१६ लावला, सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, २४ तास. मराठीत बोलता आलं, पलीकडची मुलगी मधे न तोडता ऐकत होती आणि मी नुसती रडले. मग डॉक्टरांकडे तो १३ आकडा घेऊन गेले, त्यांनी तेच ९ प्रश्न परत समोर बसवून विचारले, त्यामुळे बोलायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न सुटला. अ‍ॅपचा मला झालेला उपयोग एवढाच, पण तो झाला. आता ते काढून टाकलंय.

बँड ठेवलाय. पट्टा रबरी आहे, एप्रिलमध्ये मनगटाला घामोळं येतं, म्हणून दुपारी काढून ठेवते, कणकेची पावलं बुडतात तेवढी.