गावचं घर: कौलं ठेवायची की स्लॅब टाकायचा?

आमच्या आगरात उभं राहिलं की समुद्र दिसत नाही, नुसती गाज येते. गुहागरसारख्या गावांत रस्त्याला लागून घरं, मागे माड-पोफळींचं आगर, त्यापलीकडे पुळण आणि मग पाणी. जुन्या माणसांनी समुद्राला सोबत ठेवलं, पण झाडांचा आडोसा घेऊन. असं घर पाडून स्लॅबचं बांधायचं की दुरुस्त करायचं, हा विषय तुमच्याकडे निघाला असेल तर माझं मत सांगते.

भिंतींचा वाद नको. दोन्हीकडे जांभा चिराच वापरता येतो. खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होत जातो. खरा फरक छपरात.

मंगळुरात १८६० च्या दशकात कारखाना निघाला आणि पुढे मंगलोरी कौलं कोकणभर पोचली. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते. दुपारी मागील दारानं खारा वारा शिरतो, माजघरातून ओटीवर येतो. पहाटे मतलई वारा उलट्या वाटेनं समुद्राकडे जातो. म्हणून दारं समोरासमोर. पावसात पागोळ्या खळ्यात पडतात, भिंतीवर नाही. स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो.

त्याहून मोठी अडचण लोखंडाची. खाऱ्या हवेनं सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. छताला तांबूस ओघळ दिसू लागला की समजायचं. शिवाय गळती आहेच. गावातून एक फेरी मारा आणि किती स्लॅबांवर नंतर पत्र्याची शेड चढली ते मोजा. म्हणजे छपराचा खर्च दोनदा.

तरी कौलारू घराचे हाल मी लपवणार नाही. माकडं कौलं फोडतात, वाशांना वाळवी लागते, दर मे महिन्यात छपरावर माणूस चढवावा लागतो आणि तो सहजी मिळत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची कौलं आणि पत्रे उडाले. स्लॅब जागेवर राहिले. आणि बंद कौलारू घर फार लवकर खचतं. एक कौल सरकतं, पाणी वाशावर ठिबकत राहतं, बघायला कोणी नसतं. जूनमध्ये घरात माणूस राहणारच नसेल आणि शेजारी लक्ष देणारं कोणी नसेल, तर स्लॅब घाला. पण सळईवर काँक्रीटचं आवरण भरपूर ठेवून घ्या आणि समुद्राची वाळू अजिबात वापरू देऊ नका.

पाडण्याआधी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या सरकारी नियमांची, चौकशी करा. भरतीरेषेजवळच्या ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती मूळ जोत्याच्या मापात करता येते. नवं, मोठं घर तिथं मिळेलच असं नाही.

मी आमच्या घरासाठी मधला मार्ग सुचवला: ओटी, माजघर, पडवी कौलारूच, किडके वासे तेवढे बदलायचे, आणि न्हाणीघर-संडास मागे वेगळे, पक्के.

तुम्ही निर्णयाआधी मे महिन्यात भर दुपारी माळ्यावर चढा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथलं कौल फुटलंय किंवा सरकलंय. मग भिंतीवर टेकलेल्या प्रत्येक वाशाच्या टोकाला जाड खिळा टोचून बघा. बहुतेक ठिकाणी खिळा अडला, म्हणजे लाकूड टणक निघालं, तर आधी सुताराला बोलवा.