पन्नाशीतल्यांसाठी भावनांचा क्लास, कोथरूड: साडेतीन स्टार

सहा शनिवार, सकाळी १० ते १२.३०, फी ३६००. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. गाडी नेऊ नका, पार्किंगच्या नावाने बोंब, मेट्रोने आयडियल कॉलनीला उतरून चालत जा.

मी ४९ची, बँकेत आहे. प्रमोशन आलंय पण पोस्टिंग नागपूर, घरात सगळे घे घे म्हणतायत आणि मला ते लेटर बघितलं की पोटात गोळा येतो. यांचं एकच, भावनिक होऊन डिसिजन घेऊ नकोस. हे आधी बाबांकडून ऐकलं, मग यांच्याकडून, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः लेकीला तेच ऐकवते.

पहिला शनिवार वाया गेला. स्लाइडवर स्लाइड, मिडलाइफ क्रायसिस हा शब्द एलियट जॅक्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५च्या पेपरमध्ये आणला वगैरे (तेव्हा तो स्वतः ४८चा होता, हे मी घरी येऊन शोधलं, बरं वाटलं!). मग रॉबर्ट प्लचिक या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचं भावनांचं रंगीत चक्र, आठ मूळ भावना, त्यात 'अपेक्षा' पण आहे, आता अपेक्षा ही भावना कशी यावरच अर्धा तास वाद, पुणेकर दुसरं काय करणार.

पण दुसऱ्या शनिवारी बाईंनी ते चक्र बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, तुमच्या घरात जे शब्द बोलतात ते सांगा. बोर्डवर वैताग, धास्ती, हुरहूर, उबग, हेवा, खंत असं भराभर येत गेलं. व्हीआरएस घेतलेले एक काका सारखं 'टेन्शन' एवढंच म्हणत होते, बाई म्हणाल्या कसलं टेन्शन, तर बराच वेळ गप्प आणि मग म्हणाले, घरात मला कोणी काही विचारत नाही हो. तेवढ्यात मागून कोणीतरी 'कुचंबणा' म्हटलं आणि मी तिथेच अडकले. कारण मी नागपूरची भीती म्हणत होते ती भीती नव्हतीच, २००९ला एकटी लातूरला तीन वर्षं काढलीयेत मी. आता तिकडे दिवसभर वसुलीची टार्गेटं, आणि मला काउंटरवर पेन्शनवाल्या आजी-आजोबांचं काम करायला आवडतं हे या वयात मोठ्याने बोलायची लाज वाटत होती.

होमवर्क साधा. वहीत तीन रकाने, काय झालं, अंगात कुठे जाणवलं, त्याला नाव काय. आणि त्या दिवशी काही ठरवायचं नाही, तीन दिवसांनी परत तेच येतंय का बघायचं. मला हे पटलं, चेक आला म्हणून आपण लगेच पैसे देत नाही, सही जुळवतो, आणि समोर आलेला चेक फेकूनही देत नाही!

आता तक्रारी. आम्ही अकरा जणी, सगळ्या ४५ ते ५५, आणि मेनोपॉजबद्दल एक अक्षर नाही? भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ धरतात, त्याच्या आधीची काही वर्षं झोप उडते, चिडचिड होते, थायरॉइड बिघडला तरी असंच होतं, मग कुठली भावना कुठून आली हे आधी डॉक्टरला विचारायला नको? माझं हिमोग्लोबिन ९ निघालं, तेही मी आपणहून टेस्ट केली म्हणून. शेवटच्या शनिवारी पाऊण तास महाबळेश्वरच्या शिबिराची जाहिरात, १८ हजार, ते अजिबात आवडलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सुप्रभात, म्यूट करा.

एक मात्र मानलं. एक ताई दर वेळी रडायच्या, तर बाईंनी हा क्लास म्हणजे उपचार नाही असं स्पष्ट सांगून त्यांना सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, फी पण परत केली.

आणि प्रमोशनचं विचाराल तर लेटर अजून ड्रॉवरमध्ये आहे, १५ तारखेपर्यंत मुदत. काल मॅनेजर सरांना विचारलं, पुण्यातच राहून पेन्शन सेलला मिळेल का, पगार आहे तोच चालेल. सर दोन मिनिटं बघतच राहिले. यांना अजून सांगितलेलं नाही.

चहा आल्याचा, तिथेच करतात, दोनदा मागितला तरी देतात.