उजव्या कानाचा प्रश्न: पहिल्या पिढीच्या मेगा ड्राइव्हवर युझो कोशिरो ऐकण्याचा अनुभव

सेगा या जपानी कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राची तांत्रिक माहिती येथे पुन्हा देत नाही, कारण ती बहुतेक वाचकांना पाठ असेल. हा अभिप्राय मुख्यतः एकाच भागाविषयी आहे: यंत्राच्या दर्शनी बाजूचा हेडफोन जॅक आणि त्याच्या जोडीचा व्हॉल्यूमचा स्लायडर. टोकियोतल्या आकिहाबारा भागात जुने खेळ विकणाऱ्या एका दुकानातून मी हे यंत्र घेतले. काही महिने ते जवळजवळ रोज वापरले, आणि एके रात्री उजव्या कानातला आवाज आधी खरखरला, मग बंदच झाला.

एवढ्याशा बिघाडाचे एवढे काय, असे ज्यांना वाटेल त्यांनी हे लक्षात घ्यावे की पहिल्या पिढीच्या मेगा ड्राइव्हमध्ये टीव्हीकडे जाणाऱ्या मागच्या तारेतून आवाज मोनोच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच, जातो आणि डावी-उजवी बाजू वेगळी ठेवणारा स्टीरिओ मिळतो तो फक्त पुढच्या जॅकमधून. खेळण्यापुरते यंत्र घेतले असते तर मी गप्प बसलो असतो. मी ते घेतले ते व्हिडिओ खेळांचे जपानी संगीतकार युझो कोशिरो यांचे संगीत ज्या चिपसाठी लिहिले गेले त्याच चिपवर ऐकता यावे, एवढ्यासाठीच. त्यांचे बरेचसे संगीत महिन्याच्या वर्गणीत मोबाइलवर ऐकता येत असताना १९८८ सालच्या रचनेच्या यंत्रावर पैसे घालवण्याला घरातून जो विरोध झाला, त्याची केवळ नोंद करून पुढे जातो.

पहिल्या काही आठवड्यांत तक्रारीला जागाच नव्हती. सुरुवात १९८९ च्या ‘द सुपर शिनोबी’ने केली. या खेळाच्या शीर्षक-पडद्यावरच संगीताचा स्वामित्वहक्क कोशिरो यांच्या नावाने छापलेला आहे. त्या काळी जपानी खेळांच्या श्रेयनामावलीत संगीतकारांना अनेकदा टोपणनावांच्या आड राहावे लागत असे, हे पाहता विशीतल्या एका मुक्त संगीतकाराने आपले नाव खेळाच्या दारावर लावून घेणे ही साधी गोष्ट नव्हती. अर्थात तोवर त्यांच्यामागे काम होते. लहानपणापासून पियानो, काही काळ चित्रपट-संगीतकार जो हिसाइशी यांच्याकडे शिक्षण, आणि १९८६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, निहोन फाल्कॉम या खेळ बनवणाऱ्या कंपनीसाठी संगीतलेखन. पुढच्याच वर्षी ‘ईस’ या खेळाचे संगीत. हे सारे ते एनईसीच्या पीसी-८८०१ या घरगुती संगणकावर, स्वतः बदलून घेतलेल्या संगीत-आज्ञावलीत टंकून लिहीत. मेगा ड्राइव्हमधली यामाहाची वायएम २६१२ ही त्या संगणकातल्या चिपच्याच कुळातली असल्यामुळे त्यांना नव्या यंत्रावर भाषा नव्याने शिकावी लागली नाही, आणि त्यामुळेच ‘शिनोबी’त कोठेही चाचपडणे ऐकू येत नाही.

या चिपमध्ये एफएम पद्धतीच्या, म्हणजे एका ध्वनिलहरीने दुसरी बदलून सूर घडवणाऱ्या, सहा वाहिन्या आहेत. त्यांतली सहावी ध्वनिमुद्रित नमुने वाजवण्यासाठी वापरली, की सुरांसाठी पाचच उरतात. कोशिरो यांनी हा सौदा आनंदाने केला, कारण टोकियोच्या क्लबांत वाजणाऱ्या हाउस आणि टेक्नो संगीताने ते भारले होते आणि त्यांना छातीत ठोका देणारा ड्रम हवा होता. ‘बेअर नकल २’ या मारामारीच्या खेळात तो ठोका आणि त्याखालचा बेस असा काही जमून येतो की वाहिन्यांची कमतरता कोणाच्या लक्षातही येऊ नये. प्रत्येक वाहिनी डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे एवढ्या तीनच जागी ठेवता येते. मधले काही नाही. म्हणजे ज्या वाहिनीला केवळ उजवी बाजू दिली असेल, ती उजवा कान गेल्यावर मंद होत नाही, नाहीशीच होते. माझ्या रागाचे मूळ नेमके हे आहे.

आता दुकानाविषयी. हमीची मुदत शिल्लक होती, म्हणून यंत्र घेऊन गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी ते अत्यंत अदबीने टीव्हीला जोडले, टीव्हीतून आवाज आला, आणि यंत्र निर्दोष असल्याचे त्यांनी तितक्याच अदबीने सांगितले. मी हेडफोन लावून दाखवला, तेव्हा उत्तर मिळाले की त्यांची तपासणी टीव्हीवर होते आणि जॅक ही जोडसुविधा असल्याने हमीत बसत नाही. मागच्या तारेतला आवाज मोनो असल्यामुळे ही तपासणी करून एक बाजू गेल्याचे कधीच कळणार नाही, हे मी कागदावर आकृती काढून समजावले. आकृती त्यांना पटली. हमी मात्र जिथल्या तिथे राहिली. जुनी यंत्रे विकण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांच्या तपासणीच्या यादीत त्या यंत्राचा एकमेव स्टीरिओ मार्ग नसावा, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन, मग कमरेतून कितीही वाकून नमस्कार होवोत.

दुरुस्ती अखेर घरी केली. आधी स्लायडरच्या फटीत काँटॅक्ट क्लीनर मारून तो बराच वेळ पुढेमागे सरकवला; आवाज परतला, पण स्लायडर अर्ध्याच्या वर नेला की पुन्हा खरखर. मग दुसऱ्या एका दुकानाच्या ‘जंक’ खोक्यातून चालू न होणारे मेगा ड्राइव्ह साध्या जेवणाच्या किमतीत आणले, त्याचा स्लायडर काढून याला डाख दिला आणि उजवा कान परत मिळाला. असे यंत्र घेणाऱ्यांनी दुकानातच हेडफोन लावून, स्लायडर तळापासून टोकापर्यंत सावकाश सरकवून पाहावा. पडदा नंतर तपासला तरी चालेल.

उजवी बाजू परतल्यानंतर एक मत मात्र बदलावे लागले, आणि ते ‘बेअर नकल ३’ विषयीचे आहे. १९९४ च्या या खेळात कोशिरो आणि त्यांचे सहसंगीतकार मोतोहिरो कावाशिमा यांनी यंत्राकडून स्वरक्रम रचून घेण्याची प्रणाली वापरली. पहिल्या आठवड्यात हे संगीत मला असह्य वाटले होते, आणि तेव्हा अभिप्राय लिहिला असता तर त्याला एक तारा दिला असता. आता, रोज थोडे थोडे ऐकल्यावर, त्यातला कर्कशपणा हेतुपुरस्सर आहे आणि ठेक्याची मोडतोड दोन कानांत वाटून दिलेली आहे, हे जाणवते. टीव्हीच्या मोनो आवाजात या मोडतोडीचा नुसता चिखल होतो. दुसऱ्या भागाइतके हे मला आवडते असे अजूनही म्हणणार नाही, परंतु त्या वेळच्या व्यावसायिक खेळमालिकेत एवढा हट्ट केला गेला, हे विशेषच.

या चिपची एक खोड सांगायला हवी. आवाज अगदी लहान झाला की तिच्या अंतर्गत रचनेतल्या दोषामुळे सुराला बारीक खरखरीची किनार येते. दुसऱ्या पिढीच्या बहुतेक यंत्रांत सुधारित चिप असल्याने ती किनार नाही, आणि त्यांत मागच्या तारेतूनच स्टीरिओ मिळतो, शिवाय स्लायडरचा प्रश्नच उरत नाही. कागदावर तेच यंत्र शहाणपणाचे. तरीही विझत जाणाऱ्या सुरांतली ती किनार मला हवी आहे. कोशिरो यांनी सुरुवातीची वर्षे तिच्यासकटच लिहिले.

बाकीची कारकीर्द या यंत्राच्या कक्षेबाहेर जाते. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रावरचा ‘ॲक्टरेझर’ (१९९०) हा खेळ ऐकल्यास वाद्यवृंदाच्या थाटाचे संगीत लिहिणारा हाच माणूस का, असा प्रश्न पडतो. त्याच वर्षी त्यांनी आई आणि बहिणीसह एन्शंट ही कंपनी काढली, आणि ‘बेअर नकल २’ च्या घडणीत त्या कंपनीचा हात आहे. २००७ मध्ये ‘सेकाइजू नो मेइक्यू’ या खेळासाठी त्यांनी पुन्हा जुना पीसी-८८०१ काढला, २०१९ च्या मेगा ड्राइव्ह मिनी या छोट्या नव्या आवृत्तीत खेळांची यादी दिसताना वाजणारे संगीतही त्यांचेच, आणि २०२५ च्या ‘अर्थियन’ या खेळासाठी ते परत याच चिपकडे वळले. मिनी स्वस्तात मिळत असेल तर पुष्कळांचे त्यावर भागेल. त्यात मूळ चिप नसून तिचे अनुकरण आहे, पण स्टीरिओ सरळ टीव्हीवर येतो आणि उघडून डाख द्यायची वेळ येत नाही.

यंत्र भारतात न्यायचे असल्यास मूळ अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नये. यंत्राला पाचपैकी चार तारे, दुकानाला एक. ‘बेअर नकल ३’ ची कॅसेट सहकाऱ्याकडून उसनी आणलेली आहे आणि तो ती परत मागतो आहे. बाजारात तिची किंमत माझ्या अख्ख्या यंत्राहून जास्त सांगतात, तेव्हा तूर्तास त्याच्याकडून आणखी थोडी मुदत मागितली आहे.